रक्तवाहिनी निघते कुठून, जाते कुठून

सीटीच्या टेबलावर झोपवण्याआधी मी प्रत्येक तरुण पेशंटला एक प्रश्न विचारते: छातीत दुखलं किंवा चक्कर आली तेव्हा तू नेमकं काय करत होतास? चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'छातीत दुखणे' किंवा 'बेशुद्धी' एवढंच असतं. पण उपाशीपोटी रांगेत उभं असताना घेरी येणं वेगळं, रक्त बघून डोळ्यांपुढं अंधारी येणं वेगळं आणि जीव तोडून पळत असताना कोसळणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकदा निरुपद्रवी असतात. तिसरी मात्र ऐकली की मी फाईल बाजूला ठेवते आणि खुर्ची ओढून समोर बसते.

मी मिरजेत सीटी स्कॅनच्या कन्सोलवर काम करते. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडचे आणि सीमेपलीकडून विजापूर, बेळगावचे पेशंट इथं उपचाराला येतात. त्यामुळे 'श्वास घ्या, धरून ठेवा' हे मराठीत सांगावं लागतं तसं कन्नडमध्येही. हृदयाच्या सीटीला येणाऱ्यांत बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे, ब्लॉकेज आहे का बघायला आलेले. मधूनच एखादं विशी-बाविशीचं पोर येतं. त्याच्या रक्तवाहिनीत चरबी साठलेली नसते. तिथं शोधायचं असतं ते निराळंच. ती रक्तवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागेवरून तर निघालेली नाही ना?

आधी नेहमीची रचना सांगते. हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघणारी मोठी वाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर, तीन फुगवटे असतात. उजव्या फुगवट्यातून उजवी कोरोनरी रक्तवाहिनी निघते, डाव्यातून डावी. डावीला पुढं दोन मुख्य फांद्या फुटतात. एक हृदयाच्या पुढच्या बाजूनं खाली उतरते, दुसरी डावीकडून वळसा घालून मागं जाते. तिसऱ्या फुगवट्यातून सहसा काहीच निघत नाही. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते याच दोन वाहिन्यांतून. मुळाशी त्यांची जाडी तीन-चार मिलिमीटर.

काही जणांत ही रचना बदललेली असते. दोन्ही वाहिन्या एकाच फुगवट्यातून निघतात, एखादी फांदी स्वतंत्र उगवते, क्वचित एक वाहिनी मुळातच नसते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं १९९० मध्ये १,२६,५९५ पेशंटांच्या अँजिओग्राफीचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात १.३ टक्के लोकांमध्ये असा काही ना काही जन्मजात फरक सापडला होता. म्हणजे शंभरात एखादा. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा कसलाही त्रास होत नाही, हेही त्याच अभ्यासानं दाखवलं. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांच्या मध्येच आहे. असा फरक 'आहे' एवढ्यावर भागत नाही. ती वाहिनी निघते कुठून आणि जाते कोणत्या वाटेनं, हे कळल्याशिवाय घाबरायचं की निश्चिंत राहायचं ते ठरत नाही.

किती टोकाचा फरक घेऊन माणूस जगू शकतो याचं उदाहरण म्हणून मला नेहमी पीट मॅराविच आठवतो. बास्केटबॉल पाहणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. 'पिस्टल पीट' म्हणत त्याला. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळताना त्यानं सामन्यामागं सरासरी ४४.२ गुण मिळवले होते. पुढं दहा मोसम तो एनबीएमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्यात दमवणाऱ्या स्पर्धांपैकी एकीत, खेळला. निवृत्तीनंतर, ५ जानेवारी १९८८ रोजी, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथं मित्रांबरोबर हौसेनं खेळत असताना तो कोसळला आणि गेला. वय अवघं चाळीस. शवविच्छेदनात कळलं की त्याला डावी कोरोनरी जन्मापासून नव्हतीच. सगळ्या हृदयाचा भार एकट्या उजवीनं वाहिला होता. इतकी वर्षं इतक्या वरच्या पातळीवर तो खेळला, आणि त्याच्या छातीत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या काळी धडधडतं हृदय स्थिर पकडून दाखवणारी आजच्यासारखी सीटी रोजच्या वापरात नव्हती.

'पण ईसीजी काढला असता तर?' असं लोक विचारतात. इथंच खरी अडचण आहे. इटली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००० साली अशा २७ तरुण खेळाडूंच्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध केल्या. सगळे अचानक दगावलेले, सगळ्यांची कोरोनरी चुकीच्या फुगवट्यातून निघालेली. त्यातल्या २३ जणांत डावी वाहिनी उजव्या फुगवट्यातून निघाली होती, चौघांत उजवी डावीकडून. सगळे खेळताना किंवा खेळ थांबल्या थांबल्या गेले. ज्यांचा आधी ईसीजी काढला होता त्यांचा तो नॉर्मल होता. ज्यांची पट्ट्यावर पळवून स्ट्रेस टेस्ट केली होती त्यांचीही टेस्ट नॉर्मलच आली होती. कारण त्या वाहिनीत कायमचा अडथळा नसतो. सगळं जुळून आलं त्या क्षणीच तो होतो, आणि त्या क्षणी माणूस दवाखान्यात नसतो, मैदानावर असतो.

टू-डी इकोमध्ये लहान मुलांच्या वाहिन्यांचं मूळ पुष्कळदा चांगलं दिसतं. मोठ्या माणसाच्या छातीतून मात्र ते दिसेलच असं नाही. राहिली नेहमीची, नळी घालून करायची अँजिओग्राफी. १९५८ साली क्लीव्हलँडला मेसन सोन्स नावाच्या डॉक्टरांकडून डाय, म्हणजे वाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, चुकून थेट उजव्या कोरोनरीत गेला. पेशंट वाचला आणि त्या अपघातातून ही तपासणी जन्माला आली. तिनं हृदयरोगाचा इतिहास बदलला यात शंका नाही. पण तिच्यात दिसते फक्त वाहिनीच्या आतली पोकळी. भोवती काय आहे, शेजारून फुप्फुसधमनी जाते की नाही, वाहिनी महाधमनीच्या भिंतीतून सरकते का, हे त्या सपाट चित्रावरून सांगणं अवघड. शिवाय वाहिनी नेहमीच्या जागी नसेल तर नळीचं टोक शोधत फिरावं लागतं. सीटीला शोधत फिरावं लागत नाही. छातीच्या त्या भागातलं सगळंच ती एकदम टिपते.

सीटीची अडचण निराळी होती. हृदय हलतं. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये सीटीचे जनक हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्या पेशंटचा मेंदू तपासला, तेव्हा एकेका कापाला काही मिनिटं लागत. मेंदू जागचा हलत नाही म्हणून ते जमलं. हृदयासाठी पुढं तीस-एक वर्षं जावी लागली. २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची यंत्रं आली आणि कोरोनरी सीटी खऱ्या अर्थानं रोजच्या कामात आली. आता यंत्रातली एक्स-रेची नळी पेशंटभोवती सेकंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात फेरी मारते, आणि एकेक काप अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असतो.

जतकडच्या एका मुलाची तपासणी सांगते, म्हणजे हे कसं चालतं ते कळेल. पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीत मुलांना सोळाशे मीटर पळावं लागतं. पोरं त्याला नुसतं 'ग्राउंड' म्हणतात. शेवटच्या फेरीत हा छाती धरून खाली बसला आणि आडवा झाला. मिनिटभरात शुद्धीवर आला. त्याआधीही जोरात पळताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं, पण अकॅडमीत त्याला सांगितलं गेलं की स्टॅमिना कमी आहे, वाढव. वडील बरोबर आले होते. मला म्हणाले, "मॅडम, ईसीजी बी चांगला आलाय, इको बी चांगला आलाय. मग ह्यो पैसा कशाला घालवायचा?" मी म्हटलं, "दादा, ईसीजीत वाहिनी दिसत नाही. ती कुठून निघाली हे बघायलाच डॉक्टरांनी पाठवलंय."

किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघितला, कसली अ‍ॅलर्जी आहे का विचारलं, दमा आहे का विचारलं. दम्याचा प्रश्न एवढ्यासाठी, की ठोके संथ करायला जी गोळी देतात ती दमेकऱ्याला चालेलच असं नाही. ठोके साठच्या खाली आले की दोन ठोक्यांच्या मधली विश्रांती लांबते आणि त्या विश्रांतीतच चांगलं चित्र मिळतं. हा मुलगा पळणारा. एरवी त्याचे ठोके पंचावन्न असतील, पण भीतीनं ऐंशीवर गेले होते. गोळी दिली आणि बाहेर बाकावर वडिलांजवळ बसवलं. तासाभरानं घेतलं तेव्हा अठ्ठावन्न. उजव्या कोपराच्या खोबणीत हिरवी कॅन्युला, म्हणजे अठरा नंबरची. कारण डाय सेकंदाला पाच मिली वेगानं जातो आणि बारीक सुईतून तो वेग झेपत नाही. छातीवर ईसीजीचे स्टिकर लावले, दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावले, जिभेखाली वाहिन्या सैल करणारी नायट्रेटची गोळी दिली. मग दोन-तीनदा श्वासाची तालीम. जोरात घ्यायचा नाही, बेताचा घ्यायचा आणि पोट न हलवता धरायचा. त्याला आधीच सांगून ठेवलं, "डाय गेला की अंगभर गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल. तसं काही होत नाही, हलू नकोस." हे सांगितलं नाही तर पेशंट दचकतो, ठोके उसळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा. सगळा वेळ त्याच्या आधीच्या तयारीत जातो.

चित्रं आली की लोकांना रंगीत हृदय बघायचं असतं. गोल फिरवता येणारं, लाल वाहिन्यांचं. ते दिसायला सुंदर असतं आणि सर्जनला अंदाज द्यायला उपयोगी पडतं. पण आमचे रेडिओलॉजिस्ट सर आधी ते उघडतच नाहीत. साधे काळे-पांढरे आडवे काप एकामागून एक, वरून खाली, सावकाश. महाधमनीच्या मुळाशी आले की थांबतात. त्या मुलाच्या उजव्या फुगवट्यातून काहीच निघत नव्हतं. आणखी चार काप वर गेलो, तेव्हा डाव्या फुगवट्यातून, डाव्या वाहिनीच्या शेजारून, उजवी निघालेली दिसली. निघाल्या निघाल्या ती काटकोनात वळली आणि महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्या मधल्या फटीतून उजवीकडं गेली.

इथून पुढचं बारकाईचं काम. पहिलं म्हणजे तोंड बघायचं. नेहमीच्या वाहिनीचं तोंड गोल असतं. याचं शर्टाच्या काजासारखं होतं, चपटी उभी चीर. मग निघण्याचा कोन. वाहिनी भिंतीपासून सरळ बाहेर पडते की भिंतीला चिकटून तिरकी सरकते? मग भोवतीची चरबी. चित्रात चरबी काळसर दिसते, आणि निरोगी वाहिनीच्या भोवती तिचा पातळ थर असतो. या मुलाच्या वाहिनीला पहिले काही मिलिमीटर तो थर नव्हता आणि तिचा छेद गोल नसून लांबट होता. म्हणजे तेवढा भाग महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच गेलेला. शेवटी पातळी बघायची. वाहिनी फुप्फुसधमनीच्या झडपेच्या वरून जाते की खालून? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. डावी वाहिनी उजवीकडून निघून झडपेच्या खाली, हृदयाच्या पडद्याच्या स्नायूतून जात असेल तर ती बहुधा त्रास देत नाही. वरून, दोन मोठ्या धमन्यांच्या मधून जात असेल तर ती सगळ्यात धोक्याची. वरवर बघितलं तर दोन्ही चित्रं सारखीच वाटतात. फरक कळायला उभा काप घेऊन वाहिनी खाली झुकते का ते पाहावं लागतं.

पूर्वी सांगत की पळताना दोन्ही धमन्या फुगतात आणि मधली वाहिनी चिमटली जाते. ते अर्धंच खरं असावं. फुप्फुसधमनीतला दाब महाधमनीच्या मानानं फारच कमी असतो. एवढ्यानं वाहिनी दाबली जाणं अवघड. आता जास्त भर त्या चिरेसारख्या तोंडावर आणि भिंतीतून गेलेल्या भागावर देतात. जोराच्या श्रमात महाधमनी ताणली जाते, भिंतीबरोबर तो भाग चपटा होतो आणि चीर आणखी मिटते. नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या स्नायूला सर्वांत जास्त रक्त हवं असतं. म्हणूनच 'दोन धमन्यांमधून जाते' एवढंच लिहिलेला अहवाल मला अपुरा वाटतो. तोंड कसं आहे, कोन काय आहे, भिंतीतला भाग किती लांब आहे, हे सर्जनला हवं असतं. सर लिहितात आणि त्यासाठी लागणारे काप मी काढून देते. त्यात वेळ जातो, बाहेर पेशंट खोळंबतात. पण हे काम घाईत करण्यासारखं नाही.

याच्या उलट एक मावशी आठवतात. साठीच्या आसपास, ब्लॉकेज बघायला आलेल्या. ब्लॉकेज नव्हतं, पण डाव्या बाजूची वळसा घालणारी फांदी उजवीकडून निघून महाधमनीच्या मागून गेली होती. अहवालात 'जन्मजात दोष' असे शब्द वाचून घरातली सगळी हबकली. लेक रडकुंडीला येऊन विचारत होती, आईला आता जिना चढू द्यायचा का? सरांनी तिला बसवून सांगितलं की मागून जाणारी ही वाट निरुपद्रवी असते. पुढं कधी झडपेचं ऑपरेशन करायची वेळ आली तर सर्जनला ठाऊक असावं, म्हणून अहवाल जपून ठेवा. बाकी काही करायचं नाही. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पंढरीला चालत जाऊ का?" सर म्हणाले, खुशाल जा. अशा निरुपद्रवी वाटा घेऊन फिरणारी माणसं आपल्या भोवती पुष्कळ आहेत, आणि त्यांना विनाकारण आजारी करून सोडणं हाही अन्यायच.

तान्ह्या बाळांतला प्रकार मात्र अगदी वेगळा. डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघते. १९३३ साली बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गारलँड या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांची नावं आहेत. साधारण तीन लाख जन्मांत एक. जन्मानंतर काही आठवड्यांत फुप्फुसधमनीतला दाब उतरतो आणि त्या वाहिनीतलं रक्त उलटं वाहू लागतं. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, कळवळून रडतं, वजन वाढत नाही. घरचे पोटात वारा धरला समजतात. ऑपरेशन झालं नाही तर यातली बहुतेक बाळं वर्षाच्या आत जातात. वेळेत वाहिनी महाधमनीला जोडली तर हृदय पुष्कळसं सावरतं. इथं निदान बहुतेकदा इकोवरच होतं, शंका राहिली तर सीटी. बाळाला श्वास धर म्हणता येत नाही. दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोप लागल्यावर वेगवान यंत्रावर क्षणात उरकायचं. आईला शिशाचा एप्रन घालून शेजारी उभं करते मी. हृदयातल्या जन्मजात दोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांच्या ऑपरेशनआधीही कोरोनरीची वाट बघून ठेवतात. कारण त्यांच्यापैकी काहींत एक मोठी फांदी सर्जनला जिथं छेद घ्यायचा असतो नेमकी तिथूनच आडवी गेलेली असते.

मग सगळ्याच पळणाऱ्या मुलांचा सीटी करावा का? नाही. त्यात किरणं आहेत. चांगल्या यंत्रावर, ठोके संथ असतील तर एक ते पाच मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षा-दोन वर्षांत मिळतात तेवढी. शिवाय डाय आहे, खर्च आहे, आणि मावशींसारख्या निरुपद्रवी फरकांनी घाबरणारी घरं आहेत. करायचं ते त्याआधी, मैदानावर. पळताना छातीत आवळतंय किंवा पळताना शुद्ध हरपली असं पोरानं सांगितलं, तर त्या दिवशी त्याला आणखी एक फेरी मारायला लावू नये, इतकं प्रत्येक भरती अकॅडमीत, प्रत्येक तालमीत आणि शाळेच्या मैदानावर पक्कं ठाऊक असायला हवं. 'स्टॅमिना नाही' हे निदान नव्हे. त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडं न्यावं आणि 'पळताना' हा शब्द आवर्जून सांगावा, कारण पुढची सगळी तपासणी त्या शब्दावर ठरते.

जतच्या मुलाला मुंबईला पाठवलं. पळताना शुद्ध गेलेली आणि सीटीवर हे चित्र, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच सुचवलं. भिंतीतून गेलेल्या भागावरचं छप्पर आतून कापून उघडायचं, म्हणजे चिरेच्या जागी रुंद तोंड तयार होतं आणि वाहिनी तिच्या स्वतःच्या फुगवट्यातून रक्त घेऊ लागते. नंतर तपासणीसाठी तो पुन्हा माझ्याच टेबलावर आला. या वेळी ठोके गोळीशिवायच बासष्ट होते. काजाच्या जागी गोल तोंड होतं आणि मधल्या फटीत काहीच उरलं नव्हतं. बाहेर वडिलांना पाणी देत होते तोवर हा कॅन्युलावरचा कापूस दाबत आला आणि विचारलं, "मॅडम, ग्राउंड कधी?" मी त्याला सरांकडं धाडलं. सरांनी सांगितलं की ऑपरेशनला निदान तीन महिने होऊ देत, मग पूर्ण दमेपर्यंत पट्ट्यावर पळवून बघू. त्यात ईसीजी बदलला नाही आणि छातीत काही झालं नाही, तरच. त्यानं खिशातून फोन काढला आणि तारीख टिपून घेतली.